मावतात किती, जगतात किती

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मराठी घरांच्या दिवाणखान्यात दिसणारी काचेची टाकी बऱ्याचदा या मापाची असते. टाकी आणली, तळाला खडी अंथरली, फिल्टर बसवला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : यात मासे किती सोडायचे? दुकानदार सांगतो, वीस-पंचवीस आरामात राहतील. फेंगशुईचा सल्ला असतो की नऊ हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा. मुलांना प्रत्येक रंगाचा एक तरी हवा असतो. या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे आकडा टाकीच्या बाहेरून आलेला आहे. एक विक्रीतून आला, एक श्रद्धेतून, एक हौसेतून. पाण्याला काय झेपेल, हे कोणी विचारलेलंच नाही. ते विचारायचं असेल तर फिल्टर सुरळीत चालू आहे, हवा गार आहे, घरात सगळे आहेत असा दिवस धरून चालत नाही. वीज गेलेली आहे, उन्हाळा टिपेला पोचला आहे, पाणी बदलायला कोणी घरी नाही, अशा दिवशी टाकीतला प्रत्येक मासा धडधाकट राहू शकेल का, हा खरा प्रश्न आहे. माशांची संख्या टाकीच्या सर्वांत वाईट दिवसावरून ठरवावी, असं माझं म्हणणं आहे. त्यामागची कारणं पाण्याच्या रसायनात, माशाच्या शरीरात आणि त्याच्या स्वभावात आहेत.

मासे पाळणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा चालत आला आहे : एका गॅलन पाण्यामागे एक इंच मासा. अमेरिकी गॅलन सुमारे 3.8 लिटरचा असतो, म्हणजे आपल्या मापात दीड लिटरमागे एक सेंटिमीटर. वर सांगितलेल्या टाकीत कागदावर सुमारे 57 लिटर पाणी बसतं. काचेची जाडी, खडी, दगड आणि वर मोकळी सोडलेली जागा वजा केली की हाती 45 लिटरच्या आसपास उरतं. ठोकताळ्याने त्यात तीस सेंटिमीटर मासे चालतील. म्हणजे पाच सेंटिमीटरचे सहा गोल्डफिश, किंवा तीन सेंटिमीटरचे दहा निऑन टेट्रा, किंवा तीस सेंटिमीटरचा एक ऑस्कर. तिसऱ्या पर्यायापाशी ठोकताळ्याची खोट उघडी पडते. टाकीची रुंदीच तीस सेंटिमीटर आहे, त्या ऑस्करला तिच्यात धड वळताही येणार नाही. लहान, सडपातळ माशांपुरता हा नियम नवख्याला थोडा आवर घालतो, एवढी त्याची उपयुक्तता मान्य करायला हवी. पण मासा जसजसा मोठा, तसतसा तो नियम अधिकाधिक चुकत जातो, आणि धोका नेमका मोठ्या माशांचाच असतो.

असं होण्याचं कारण साध्या भूमितीत आहे. लांबी दुप्पट झाली की मासा रुंदीने आणि उंचीनेही दुप्पट होतो, त्यामुळे वजन आठपट होतं. लांबी तिप्पट झाली की वजन सत्तावीसपट. तीन सेंटिमीटरच्या टेट्रापेक्षा तीस सेंटिमीटरचा मासा दहापट लांब दिसतो, पण वजनाने हजारपट भरतो. ठोकताळा मात्र दहा टेट्रा आणि एक ऑस्कर यांना एकाच तागडीत समान मानतो. इथे एक दुरुस्ती करायला हवी. लहान प्राण्याचा चयापचय वजनाच्या मानाने वेगवान असतो, म्हणून हजारपट वजनाच्या माशाला हजारपट ऑक्सिजन लागत नाही, अडीचशे ते साडेतीनशे पट लागतो. तरीही दहापट आणि अडीचशेपट यांत केवढं अंतर आहे! लांबी मोजायला सोपी म्हणून आपण ती मोजतो, पण पाण्यावर भार पडतो तो शरीराच्या वजनाचा आणि त्या शरीरात जाणाऱ्या अन्नाचा.

अन्नाचं पुढे काय होतं, इथे या विषयाचं मर्म आहे. खाद्यातल्या प्रथिनांतला नायट्रोजन मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. अमोनिया त्याच कल्ल्यांना जाळतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत तो साठतो. तिथे मदतीला येतात फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करणारे सूक्ष्मजीव. काही जण अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. हे दुसरं काम टाकीत मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे जीवाणू करतात, हे अमेरिकी संशोधकांनी 1998 मध्ये दाखवून दिलं. त्याआधी श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. नायट्राइटही घातक असतं, ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं, पण साधा फिल्टर त्याला बाहेर काढू शकत नाही. त्याच्यासाठी पाणी बदलावं लागतं, नाहीतर वनस्पतींनी ते शोषावं लागतं. हे सूक्ष्मजीव सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या टाकीची क्षमता जवळजवळ शून्य असते, मग ती दोन फुटी असो वा सहा फुटी. नवी टाकी आणून त्याच संध्याकाळी भरून टाकली की आठवडाभरात मासे का मरतात, याचं उत्तर इथेच मिळतं.

आता हिशेब करून पाहू. मत्स्यशेतीत सर्वसाधारण अनुभव असा की 35 टक्के प्रथिनं असलेलं एक किलो खाद्य दिलं की सुमारे 30 ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरतो. घरच्या मापात, एका ग्रॅम खाद्यामागे 30 मिलिग्रॅम. सूक्ष्मजीवांनी आपलं काम चोख केलं तर त्याचं सुमारे 130 मिलिग्रॅम नायट्रेट होतं. रोज एक ग्रॅम खाद्य दिलं तर 45 लिटर पाण्यात ही भर लिटरमागे रोज 3 मिलिग्रॅम आणि आठवड्याला 20 मिलिग्रॅमच्या घरात पडते. दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदललं तरी 70 टक्के जुनं नायट्रेट मागे राहतं आणि त्यावर नवं चढतं. काही महिन्यांत पाणी बदलण्याआधीचा आकडा लिटरमागे 65 ते 70 मिलिग्रॅमपाशी स्थिरावतो. गोड्या पाण्याच्या टाकीत तो 40 च्या आत, जमल्यास 20 च्या आसपास असावा, असं जाणकार मानतात. म्हणजे या टाकीला रोज एक ग्रॅम खाद्य झेपत नाही, अर्धा ग्रॅम झेपतं. हाच हिशेब पुढे नेला तर ठोकताळ्याच्या जागी एक बरी कसोटी हाती येते : आठवड्याला 30 टक्के पाणी बदलणार असाल, तर शंभर लिटर पाण्यामागे रोज एक ग्रॅमहून जास्त खाद्य लागेल इतके मासे ठेवू नयेत.

ही कसोटी फेंगशुईच्या त्या नऊ गोल्डफिशना लावून पाहा. दुकानातून येताना ते पाचेक सेंटिमीटरचे असतात, वजन तीन-चार ग्रॅम. सगळे मिळून तीसेक ग्रॅम भरतात आणि थोडंसंच खातात, त्यामुळे पहिले काही महिने सगळं ठीक दिसतं. पण नीट वाढलेला गोल्डफिश पंधरा-वीस सेंटिमीटरचा होतो. पंधरा सेंटिमीटरला त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या जवळ जाऊ शकतं. रोज वजनाच्या एक टक्का खाल्लं तरी एकट्याला ग्रॅमभर खाद्य लागतं, म्हणजे 45 लिटरच्या टाकीच्या दुप्पट भार एकच मासा टाकतो. नऊ मासे अठरापट टाकतील. आता झेब्रा डॅनिओ बघा. भारतातल्या ओढ्यांमध्ये राहणारा हा पट्टेरी मासा चार-पाच सेंटिमीटरचा होतो आणि अर्धा-पाऊण ग्रॅम भरतो. बारा डॅनिओ वजनाच्या दोन टक्के जरी खाऊ लागले तरी रोजचं खाद्य पाव ग्रॅमच्या आत राहतं. त्याच टाकीला बारा डॅनिओ हलके जातात आणि एक प्रौढ गोल्डफिश जड जातो. मासे किती, हा प्रश्न कोणते मासे हे ठरल्याशिवाय विचारताच येत नाही.

घाणीचा हिशेब आठवड्यांचा असतो, ऑक्सिजनचा तासांचा. पाण्यात ऑक्सिजन मुळातच थोडा विरघळतो. 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. पाणी तापेल तसा साठा घटतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. दहा अंशांनी तापमान चढलं की चयापचय साधारण दुप्पट होतो. हा ऑक्सिजन येतो पाण्याच्या पृष्ठभागातून. एअर पंपाचे बुडबुडे स्वतः थोडाच ऑक्सिजन देतात, त्यांचं मोठं काम म्हणजे तळाचं पाणी वर आणून पृष्ठभाग हलता ठेवणं. म्हणून तेवढ्याच लिटरांची उंच, अरुंद टाकी बुटक्या आणि पसरट टाकीपेक्षा कमी मासे पेलते. जुन्या पुस्तकांत पृष्ठभागावर बेतलेला ठोकताळा आढळतो : उष्ण प्रदेशातल्या लहान माशांसाठी इंचामागे 12 चौरस इंच, गोल्डफिशसारख्या थंड पाण्यातल्या माशांसाठी 30 चौरस इंच. आपल्या टाकीचा पृष्ठभाग 288 चौरस इंच आहे, म्हणजे गोल्डफिश सगळे मिळून साडेनऊ इंच. लांबीच मोजत असला तरी हा नियम गॅलनच्या नियमापेक्षा शहाणा आहे. गोल भांडं गळ्यापर्यंत भरलं की पृष्ठभाग आणखी आक्रसतो. इटलीतल्या मोंझा शहराने 2004 मध्ये आणि रोमने 2005 मध्ये अशा गोल भांड्यांत मासे ठेवण्यावर बंदी घातली, ती प्राण्यांच्या हिताचा विचार करूनच.

आता तो वाईट दिवस समोर आणू. विदर्भातला मे महिना, दुपारी वीज गेलेली, टाकीतलं पाणी 34 अंशांवर. फिल्टर बंद, पंप बंद. पाण्यात लिटरमागे जेमतेम 7 मिलिग्रॅम ऑक्सिजन. तो 4 पर्यंत उतरला की मासे अस्वस्थ होऊ लागतात, म्हणजे 45 लिटरमध्ये वापरता येण्याजोगा साठा दीडशे मिलिग्रॅमच्या अलीकडेच संपतो. एक किलो मासे तासाला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतात, उष्म्यात त्याहून जास्त. नऊ प्रौढ गोल्डफिशचं वजन किलोच्या जवळ जातं. पृष्ठभागातून थोडा ऑक्सिजन येत राहतो हे खरं, पण तळाला साचलेला गाळ आणि फिल्टरमधले सूक्ष्मजीवही त्याच साठ्यात वाटेकरी असतात. तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागतील. बारा डॅनिओंना तोच साठा कित्येक तास पुरतो. नदीवरचा पूल उन्हाळ्यातल्या बारीक धारेच्या मापाने कोणी बांधत नाही, पूररेषा पाहून बांधतात. टाकीतल्या माशांची संख्याही तशीच ठरवायला हवी. वीज असताना ऐंशी टक्के भरलेली टाकी वीज गेल्यावर दीडशे टक्के भरलेली असते.

वाईट दिवस केवळ विजेमुळे येत नाही. दाट वनस्पती दिवसा ऑक्सिजन देतात, पण रात्री त्या स्वतःच तो वापरतात, त्यामुळे हिरव्यागार टाकीतही पहाटेची वेळ नाजूक असते. गणपतीला किंवा दिवाळीला कुटुंब गावी जातं, तेव्हा शेजारी प्रेमापोटी चिमटीऐवजी मूठभर खाद्य टाकतात आणि न खाल्लेलं खाद्य सडून दोन दिवसांत अमोनिया चढतो. निरोगी प्रौढ मासा काही दिवस उपाशी राहू शकतो, सडलेल्या पाण्यात मात्र राहू शकत नाही. पाण्याचा स्वभावही भर घालतो. अमोनियाचा खरा विषारी भाग पाण्याच्या पीएचवर अवलंबून असतो. पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, 8 असेल तर पाच-सहा टक्के. अनेक गावांत आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत बोअरवेलचं जड पाणी येतं, त्याचा पीएच बऱ्याचदा आठच्या जवळ असतो. काही ठिकाणी त्यात नायट्रेटही आधीच असतं. तिथे तीच चूक दहापट महाग पडते. नळाचं पाणी वापरणाऱ्यांना क्लोरीन काढून टाकण्याची काळजी घ्यावी लागते, नाहीतर पाणी बदलण्याचा उपायच मासे आणि सूक्ष्मजीव दोघांनाही इजा करतो. शेजारच्या घरात चाललेली संख्या आपल्या घरात चालेलच असं नाही, ते यामुळे.

पाणी स्वच्छ आहे आणि ऑक्सिजन पुरेसा आहे, एवढ्याने मासा सुखी होत नाही. त्याला त्याच्या जातीप्रमाणे वागता यावं लागतं. टेट्रा, डॅनिओ, बार्ब हे कळपाचे मासे आहेत. सहा-आठ सोबती नसतील तर ते बिचकून कोपरा धरतात, आणि टायगर बार्ब दुसऱ्यांच्या पंखांचे लचके तोडू लागतात. म्हणून मुलांच्या आवडीचा प्रत्येक रंगाचा एकेक मासा ही सर्वांत कमी गर्दीची आणि तरीही सर्वांत वाईट निवड ठरू शकते. एंजल लहानपणी एकत्र पोहतात, जोडी जमल्यावर मात्र टाकीचा मोठा भाग अडवून इतरांना हुसकावतात. दोन नर फायटर एका टाकीत ठेवता येत नाहीत, मग टाकी केवढीही असो. केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या वाहत्या ओढ्यांत सापडणारा डेनिसन बार्ब जगभरच्या हौशींना भुरळ घालतो. 2013 मध्ये त्याच्या प्रजातिसमूहाला सह्याद्रीवरून सह्याद्रिया हे शास्त्रीय नाव मिळालं. हा मासा पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, जोरात पोहतो आणि कळपात राहतो. त्याच्यासाठी चार फुटांहून आखूड टाकी म्हणजे पळायची सवय असलेल्याला खोलीत कोंडणं. त्यामुळे हिशेब तीन कसोट्यांवर करावा लागतो : घाण, ऑक्सिजन आणि वावर. तिन्हींतून तीन आकडे निघतील. त्यांतला सर्वांत लहान आकडा तोच आपल्या टाकीचा आकडा. खाद्याच्या कसोटीवर 45 लिटरमध्ये चाळीस डॅनिओ बसतीलही, वावराच्या कसोटीवर दहा-बाराच बसतात.

आणि हा आकडा प्रौढ माशांचा असायला हवा. दुकानात शार्क म्हणून विकलं जाणारं बोटाएवढं चंदेरी पिल्लू बहुतेकदा पंगासियस जातीचं असतं. हॉटेलांत बासा नावाने ताटात येणारा मासा बहुधा हाच असतो आणि तो मीटरभर वाढू शकतो. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर मासा चाळीस-पन्नास सेंटिमीटरचा होतो आणि काचेवरच्या शेवाळापेक्षा कितीतरी जास्त विष्ठा टाकतो. गप्पीचं उलटं आहे. मासा लहानच राहतो, पण मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं घालते आणि एकदा साठवलेल्या बीजावर नराशिवायही काही महिने घालत राहते. घरात न मावणाऱ्या माशांचं मग काय होतं? बरेच जण त्यांना जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडून देतात आणि आपण जीवदान दिलं असं मानतात. टाक्यांमधून असा बाहेर पडलेला सकर आज भारतातल्या अनेक जलाशयांत ठाण मांडून बसला आहे. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही तो येतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. दिवाणखान्यातला चुकलेला हिशेब असा दुसऱ्याच्या पोटावर येतो.

यावर काही आक्षेप हमखास घेतले जातात आणि त्यांची उत्तरं द्यायला हवीत. पहिला असा की दुकानातल्या लहानशा टाकीत शंभर मासे दिसतात, मग घरी वीस का चालू नयेत? दुकानातला मासा तिथे काही दिवसांचा पाहुणा असतो. त्याला खाद्य बेताचं मिळतं, पाणी वरचेवर बदललं जातं, मेलेले मासे रोज सकाळी काढले जातात आणि ती संख्या ग्राहकाला दिसत नाही. घरच्या माशाला तिथे वर्षानुवर्षं राहायचं असतं. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. दुसरा आक्षेप लोकप्रिय आहे : मासा टाकीच्या मापाने वाढतो, त्यामुळे लहान टाकीत तो लहानच राहील. कोंदट टाकीत मासा खुरटतो हे खरं आहे. पण तो जुळवून घेत नसतो, साचलेली घाण, सततचा ताण आणि अपुरं पोषण यांनी त्याची वाढ मारली जाते. त्याची किंमत आजारपणात आणि तुटलेल्या आयुष्यात चुकती होते. तिसरा आक्षेप म्हणजे गोल्डफिश चिवट असतो, कमी ऑक्सिजनातही जगतो. तसा तो आहेच. फायटर आणि गुरामी तर पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. पण तग धरण्याची ताकद निसर्गाने संकटासाठी दिली आहे, रोजच्या राहणीसाठी नाही. हवेतला श्वास मिळाला तरी अमोनियाने भरलेल्या पाण्यातून सुटका होत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप अनुभवी हौशींचा असतो. ते म्हणतात, दुप्पट क्षमतेचा फिल्टर लावा, मासे दुप्पट ठेवता येतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे भांडखोर म्बुना मासे तर मुद्दाम दाटीने ठेवले जातात, म्हणजे दांडगाई एकाच दुबळ्यावर न होता सगळ्यांत वाटली जाते. बायोफ्लॉक पद्धतीने टाकीत मत्स्यशेती करणारा शेतकरीही घनमीटरमागे कितीतरी किलो मासे वाढवतो. ही तिन्ही उदाहरणं खरी आहेत. मोठा फिल्टर अमोनिया झटपट हाताळतो आणि लहान फिल्टरपेक्षा तो बरा, हे निर्विवाद आहे. पण फिल्टर नायट्रेट काढत नाही, पोहायला जागा देत नाही आणि वीज गेली की लहान फिल्टरइतकाच निरुपयोगी होतो. म्बुना पाळणारा जाणकार मोठी टाकी, दुहेरी फिल्टर आणि दर आठवड्याला भरपूर पाणीबदल यांची किंमत मोजतो. शेतकरी दिवसरात्र हवा पुरवतो, जनित्र तयार ठेवतो, पाणी रोज तपासतो आणि काही महिन्यांत मासे काढून विकतो. दाटी शक्य आहे, पण ती श्रमाच्या आणि यंत्राच्या आधारावर उभी असते. नोकरी, मुलांची शाळा आणि प्रवास सांभाळणाऱ्या घराने तेवढी हमी देऊ नये, कारण ती मोडली तर परिणाम दुसऱ्याच जिवाला भोगावे लागतात.

उरतात दोन मनाचे प्रश्न. थोडे मासे ठेवले तर टाकी रिकामी दिसते, ही तक्रार मुख्यतः मोठ्या, वेगवेगळ्या आणि विखुरलेल्या माशांची सवय झालेल्या डोळ्यांची असते. एकाच जातीचे बारा छोटे मासे, मागे दाट वनस्पती, एखादं लाकूड आणि पुढे मोकळी जागा अशी मांडणी केली की टाकी भरलेली दिसते आणि मासे आपले खरे रंग दाखवतात. भेदरलेला मासा फिका पडतो. शुभ आकड्याचा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि श्रद्धेचा मान राखूनही तो सुटतो. आठ आणि एक असे नऊ मासेच हवे असतील तर ते लहान जातीचे घेता येतात. आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळी जोडायची असेल तर नरच घ्यावेत, म्हणजे पिल्लांचा भार चढणार नाही. घरात सुबत्ता यावी म्हणून ठेवलेले मासे महिन्याला एक या गतीने मरत राहणं कोणत्याच शास्त्राला मंजूर नसेल.

प्रत्यक्षात आकडा कसा काढावा? आधी पाणी ओतताना बादल्या मोजाव्यात, म्हणजे खरे लिटर कळतात. मग आवडलेल्या जातीची प्रौढ लांबी, स्वभाव आणि कळपाची गरज पाहून घ्यावी आणि पूर्ण वाढलेल्या माशांचाच विचार करावा. टाकी माशांविना किंवा अगदी थोड्या माशांनिशी चार ते सहा आठवडे चालवून सूक्ष्मजीवांची वस्ती होऊ द्यावी, मग दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे मासे वाढवावेत. दहा ग्रॅम खाद्य वेगळ्या डबीत काढून ते किती दिवस पुरतं ते पाहावं. 45 लिटरच्या टाकीत ते निदान वीस दिवस पुरायला हवं. पाणी तपासण्याचे साधे संच आता सहज मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असलेच पाहिजेत, आणि पाणी बदलण्याआधीचं नायट्रेट 40 च्या वर जात असेल तर संख्या वाढवणं तिथेच थांबवावं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, समोर बसून, दोन तास फिल्टर आणि पंप बंद ठेवून पाहावं. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर टाकी जास्त भरली आहे, बाकी सगळे आकडे काहीही सांगोत. या सगळ्यातून दोन फुटी टाकीसाठी निघणारं उत्तर म्हणजे दहा-बारा छोटे टेट्रा, रासबोरा किंवा डॅनिओ, फार तर सोबत लहान गुरामीची एक जोडी. गोल्डफिशच हवे असतील तर दोन माशांसाठी दीडशे-दोनशे लिटरची टाकी आणावी, नाहीतर तो मोह सोडावा.

हा आकडा दुकानात ऐकलेल्या आकड्यापेक्षा लहान आहे, आणि तो लहानच असायला हवा. ओढ्यातला मासा पाणी बिघडलं की दुसरीकडे जातो, तापलं की खोल उतरतो, दांडग्याने पिटाळलं की दूर पळतो. काचेच्या चार भिंती घालून आपण हे सगळे मार्ग बंद केले आहेत. ते बंद करणाऱ्यावर त्यांच्या बदल्यात काहीतरी देण्याची जबाबदारी येते. ती जबाबदारी महागड्या फिल्टरने पुरी होत नाही, जास्तीचं पाणी मोकळं ठेवूनच पुरी होते. म्हणून टाकीत आणखी दोन मासे बसतील असं वाटत असतानाच थांबावं. त्या दोन माशांची रिकामी जागा हाच उरलेल्या माशांचा वाईट दिवसासाठीचा साठा आहे.